शेवटचं उघडलं : पहाटे ३.१२

गणसंख्येअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने, याच जागी, पुन्हा.
तो अर्धा तास आम्ही सात जण चुलीभोवती बसून काढतो.
लाकूड ओलं, धूर डोळ्यांत,
आणि बाहेर वाल्दिव्हियाची नदी
कुणासाठी न थांबता भरतीबरोबर वर चढत असते.

पाणथळ राखणारं आमचं मंडळ.
वहीत सभासद तीनशे एकेचाळीस.
काळ्या मानेचे हंस आम्ही दर महिन्याला मोजतो,
पिलं वेगळी,
आईच्या पाठीवर बसलेली आणखी वेगळी.
माणसं मात्र कधी मोजली नव्हती.

नोल्बेर्तो, आमचा कोषाध्यक्ष, म्हणतो,
लोकांना आता कशाचंच काही राहिलं नाही.
मी चिटणीस. तीस वर्षं टपालखात्यात काढली,
पत्र परत येतं तेव्हा
दोष नेहमी घराचा नसतो, एवढं मला कळतं.

भाचीची मुलगी यारित्सा लॅपटॉप घेऊन आली.
पावत्यांची पुस्तकं, हजेरीची वही,
कोणी कुठलं ईपत्र कधी उघडलं,
सगळं तिने एका तक्त्यात ओतलं,
चहा निवला तरी मान वर केली नाही.
मग म्हणाली, आजी, लोक चौदाव्या महिन्यात जातात.
भांडून नाही. नुसते जातात.
चौदा महिन्यांत तुम्ही त्यांना अकरा पत्रं लिहिलीत,
अकराही वर्गणीची.
आणि हे बघ:
पहिल्या हिवाळ्यात ज्याच्या हातात काही दिलंत,
शिडी, दुर्बीण, अगदी नुसता थर्मास,
तो अजून आहे.

नोल्बेर्तो म्हणाला, थर्मास एकच आहे.

रात्री मी एकटीच तक्ता खाली खाली सरकवत बसले.
सभासद क्रमांक दोनशे सात, ओर्फेलिना कात्रिलेफ.
सहा वर्षांत हजेरी शून्य.
वहीत तिच्या नावापुढे नोल्बेर्तोच्या पेन्सिलीने : मृत?
तक्त्यात मात्र
प्रत्येक पत्र उघडलेलं, पहाटे ३.१२, ३.०९, ३.१४,
शेवटच्या ओळीपर्यंत, हंसांच्या आकड्यांपर्यंत.
कधी दोनदा.

मला कसंसंच झालं,
कुणाच्या उजेड असलेल्या खिडकीत डोकावल्यासारखं.
तीस वर्षांत एक पाकीट मी फोडलं नव्हतं.
मी लॅपटॉप मिटला आणि शाईने लिहिलं :
बाई, आमच्या वेळा तुम्हाला जमत नसाव्यात.
तुमची कुठली?
३.१२ बद्दल अक्षर लिहिलं नाही.

नवव्या दिवशी ती स्वतःच आली, रबरी बूट, हातांना मासळीचा वास.
कारखान्यात रात्रपाळी. तीनला सुट्टी, पंधरा मिनिटं.
साडेसातची बस पुलावरून जाते,
डावीकडची खिडकी ती कुणाला देत नाही.
पिशवीतून तिने वही काढली. मग दुसरी. मग तिसरी.
तारीख, आकडा, वारा.
मधेच कुठे : धुकं. दिसले नाहीत. असतील.

आम्ही आमचा तक्ता शेजारी ठेवला.
मे महिना : आमचे चाळीस, तिचे त्रेसष्ट.
जून : आमचे एकतीस, तिचे अठ्ठावन्न.
यारित्साने दोनदा बेरीज केली.
ओर्फेलिना हळूच म्हणाली, तुम्ही किती वाजता जाता?
दहाला, मी म्हटलं. न्याहारी करून.
ती काही बोलली नाही.
दहाला ते तिथे नसतात, एवढंच म्हणाली थोड्या वेळाने,
जणू चूक तिचीच होती.

पुढच्या सभेची नोटीस मी अजून लिहिलेली नाही.
वेळेची जागा कोरी आहे.
नोल्बेर्तो खोडरबर शोधत होता,
माझ्याच टेबलाच्या खणात सापडलं.
आधी त्याने प्रश्नचिन्ह खोडलं.
मग, बराच वेळ थांबून, तो शब्द.
कागद तिथे जरा फाटला.