न शिकवलेलं क्रियापद

ऐरोलीत झेरॉक्सच्या दुकानावर माझा वर्ग,
आठ खुर्च्या, एक स्टूल.
फळ्यावर : स्टेटेड, डिक्लेअर्ड, अनाउन्स्ड.
तोंड उघडा, म्हटलं, शेवटचा ड गिळू नका.

सुगंधा मढवी, वय त्रेपन्न,
'डिक्लेअर्ड' घोकत
दिवा कोळीवाड्यापर्यंत चालत गेल्या.

जेट्टीच्या सुनावणीत माइक हातात आला
आणि सगळी क्रियापदं खाडीत.
"धक्का आमचा हाय.
माज्या सासऱ्यानी दगड वाहिलेत."
एवढंच. साहेबांच्या ग्लासातलं पाणी हललं.

महिन्याने इतिवृत्ताचा कागद घेऊन आल्या,
एका शब्दाखाली नखाची रेघ :
मिसेस मढवी अलेज्ड.

"सर, ह्यो नाय शिकवलात."

अर्थ सांगायला मी खडू शोधत राहिलो.
तोवर त्यांनी तो वाचून दाखवला,
लख्ख,
ड न गिळता.