साडेतेवीस इंच

क्लच गेला म्हणून गाडी टाकली
कुपवाड रोडला, वजनकाट्यामागं,
सिकंदर शिकलगारच्या गॅरेजात.
बुधवारी दिली, शनिवारी मिळाली.
क्लच लोण्यासारखा.
आणि डाव्या मागच्या दारावर
वीतभर ओरखडा,
शेवटाला अंगठा बसेल एवढा पोचा.

"सिकंदरभाई, हे?"
त्यानं हात पुसले, वाकला,
लांबून बघितलं, जवळून बघितलं.
"आधीचंच की ताई हे.
आम्ही बॉनेट उघडलं, खालनं गिअरबॉक्स उतरवला.
दाराला कशाला लावतोय आम्ही हात?"
त्याचा पोऱ्या टायरमध्ये हवा भरत होता.
एकदाच वर बघितलं त्यानं
आणि मग भरतच राहिला,
टायर कधीच फुगलं होतं तरी.

पुरावा म्हणाल तर एक फोटो आहे:
आदल्या रविवारचा, हरिपूरच्या संगमावरचा.
भाची दाराला टेकून हसतेय
आणि नेमकी त्याच जागेवर
तिची ओढणी उडालीय.

माझं शिलाईचं दुकान, खणभागात. टेप गळ्यातच असते.
तिथंच उकिडवी बसले, माप घेतलं:
जमिनीपासून साडेतेवीस इंच.
मग गॅरेजच मापायला काढलं.
जॅकचा दांडा एकवीस.
लोखंडी बाकड्याचा कोपरा एकोणीस.
वेल्डिंगच्या सिलिंडरची ढकलगाडी,
तिचा बाहेर आलेला कान
साडेतेवीस.

"बघा."
"बघितलं," तो म्हणाला. "आता घरचंबी मापा."

मापलं. रात्री, मोबाईलच्या उजेडात.
कोपऱ्यावरच्या भाजीच्या हातगाडीचं टोक चोवीस,
पण तिचं एक चाक खड्ड्यात.
आमच्या फाटकाची कडी:
साडेतेवीस. दोनदा मापली.
कडीला रंग लागलेला नव्हता.
सिलिंडरगाडीच्या कानाला मात्र
इतक्या गाड्यांचा रंग होता
की त्यात माझा कुठला, सांगता येईना.

रविवारी दुकान उघडलं, इस्त्री तापत ठेवली
आणि चौगुले काकू आठवल्या.
त्यांचं जांभळं रेशमी ब्लाऊजपीस.
इस्त्री दोनच सेकंद जास्त टेकली होती.
करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग.
मी तो काखेत घेऊन शिवला.
काकूंना सापडलाच.
"कापडच तसं होतं काकू.
आम्ही कशाला पाडतोय डाग?"

आम्ही.
दुकानात मी एकटीच असते.

सोमवारी पैसे द्यायला गेले. बिल सात हजार चारशे.
रिक्षात वाक्यं पाठ केलेली,
ग्राहक मंचापर्यंत पोचणारी.
सिकंदर स्टुलावर बसून चहा पीत होता.
अर्धा मला ओतला.
"मी मारलं न्हाई," म्हणाला, "पण दार घासून देतो.
ओरखडा जाईल. पोचा न्हाई जायचा."
मी म्हटलं, "झालं असेल तर झालं म्हणा,
मग पैसे पूर्ण घ्या."
तो बशीत बघत राहिला.
"पैसे कमी द्या ताई.
म्हणायला लावू नका."

चारशे कमी दिले.
त्यानं मोजले नाहीत.

गाडी वळवताना पोऱ्या पळत आला,
काच खाली करा म्हणाला. केली.
वाटलं, आता बोलेल.
त्यानं मागच्या सीटवर राहिलेला पाना उचलला,
दार लावलं,
जरा जास्तच हळू लावलं,
आणि गेला.

पोचा आहे तसा आहे. धुताना बोट तिथं जातं.
चौगुले काकू हल्ली विश्रामबागेत शिवायला टाकतात.
त्यांचं माप माझ्या वहीत आहे अजून:
छाती अडतीस, बाही नऊ, पाठीमागं नाडी.
खाली माझ्याच अक्षरात, अधोरेखित,
"कापड सदोष."
काल ते खोडायला पेनाचं टोपण काढलं होतं.
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.