पाचवा

दामिरच्या दोन्ही गालांवर
कुणीतरी थपडा मारल्यासारखा लाल रंग.
बोटं मोजता येतील असं क्षणभर वाटलं मला.
मी बालवाडीच्या दारात, हातात टोप्यांची टोपली,
बाहेर पोर्वेनिरचा वारा छपराचे पत्रे उचकटत होता,
आणि यास्ना, त्याची आई, म्हणाली,
"ओतिलिया, निदान तू तरी असं बघू नकोस."

वाटेत पाववाल्यानं विचारलं होतं,
सुटे पैसे परत देता देता, खालच्या आवाजात:
घरी सगळं ठीक ना?
चौकीवरचा शिपाई तर वाकून मुलालाच म्हणाला:
कुणी मारलं रे?
"वाऱ्यानं," दामिर म्हणाला.
शिपाई हसला नाही.

दवाखान्यात ग्रिसेल्दानं त्याच्या बाह्या वर सारल्या.
दंडांवर लालसर जाळी,
मी क्रोशानं विणते तशी, मध्ये मध्ये भोकं सोडून.
"हा पाचवा," ती म्हणाली.
मुलांच्या अंगावर उठणाऱ्या आजारांना
डॉक्टरांनी कधीकाळी नंबर दिले होते, गोवरापासून सुरुवात करून.
बाकीच्यांना नावं मिळाली,
याला लोक अजून नंबरानंच हाक मारतात.
गोवराला लस आहे, याला नाही.
आणि गाल लाल होतात तोवर
पसरण्याचं काम आटपून तो निघालेला असतो.
"पसरला तो गेल्या आठवड्यात,
नुसतं नाक गळत होतं ना, तेव्हा."

गेल्या आठवड्यात.
मी आठवत बसले,
कोण कुणाच्या पेल्यातून प्यालं,
निळा लाकडी बैल कुणाकुणाच्या तोंडात गेला,
आणि मिरेयाबाईंच्या मांडीवर दामिर किती वेळ निजला होता,
त्यांच्या चौथ्या महिन्याच्या पोटाला
कान लावून.

"पोटातल्या बाळाचं रक्त आटवतो कधीकधी,"
ग्रिसेल्दा दार लोटून म्हणाली. "क्वचित. पण तपासायला हवं."
रक्ताची नळी सामुद्रधुनीपलीकडे जायची होती.
बंदर बंद. वारा.
दुसऱ्या दिवशीही बंदर बंद.
मिरेया घरी, पडद्याआड,
आणि मी एकटी बारा मुलांना
हात धुवायला शिकवते आहे:
अंगठा विसरायचा नाही, नखांच्या खाली,
वीसपर्यंत मोजायचं.
मिलेंका दर वेळी चौदावर सोडून देते.
खोकला आला की कोपरात तोंड.
पेला ज्याचा त्याचा.
निळा बैल मी साबणाच्या उकळत्या पाण्यात घातला,
रंग उडाला, एक शिंग सुटलं.
बैल गेला नि झोपा केला, म्हणा हवं तर.
पण गोठ्यात अजून वासरं होती,
आणि हिवाळा नुकता कुठे सुरू झाला होता,
छातीत घरघर लावणारे, तान्ह्यांचा श्वास अडवणारे
दुसरे कितीतरी अजून वाटेवर होते.

शुक्रवारी दुपारी फोन.
मिरेयाच्या रक्तात त्याची जुनी ओळख निघाली.
कधीतरी, लहानपणी, येऊन गेलेला.
बाळाला धोका नाही.
तिनं लगेच चिलोएला आईला फोन लावला.
"तुला? छे," आई म्हणाली,
"तू कधी आजारी पडलीच नाहीस."
कुठल्या हिवाळ्यात हे गाल लाल झाले,
झाले तरी की नाही, कुणी पाहिलं,
कुणावर आळ घेतला,
काहीच कुठे शिल्लक नाही, फक्त रक्ताला पाठ.

यास्ना आता पाव आणायला
दोन गल्ल्या लांब जाते.
पाववाल्याला मी सगळं समजावून सांगितलं.
तो "हो, हो" म्हणाला,
पिशवीचं तोंड दुमडत राहिला.

दामिर शाळेत आला आहे.
गाल निवलेत, पण शेगडीपाशी उभा राहिला
की दंडांवर ती जाळी पुन्हा उमटते,
आणि मुलं बाह्या वर करून
त्याच्या शेजारी रांग लावतात,
आपल्यालाही येते का बघत.

मी म्हणते, आधी हात.
मिलेंका मोजू लागते.
अकरा, बारा, तेरा.
मी नळ बंद करत नाही.