बारा व्होल्ट

गावाचं नाव लिहितात स्लेथवेट, म्हणतात स्लॉविट.
खालून वाहते ती कोन नदी,
तिच्यातही एक 'ल' लिहून गिळायचा.
इथली अक्षरं कुठे झिरपतात, विचारू नये.

रंगशाळेच्या मागे, पूर्वी राख टाकायचे तिथे,
आता सहा वाफे. खडी, वाळू,
आणि गुडघाभर पाण्यात लावलेला बोरू.
मी त्यांची बोरूबहाद्दर:
सकाळी सातला पीएच, क्षार, रंग, तापमान,
वहीत चार रकाने.

खडीत पुरलेत ग्राफाइटचे दांडे, एक धन, एक ऋण,
मध्ये बारा व्होल्ट.
खेळण्यातली मोटार पळेल, इतकेच.
तेवढ्या ओढीनं रंग सरकतो मुळांकडे,
सभा संपत आली की माणसं दाराकडे सरकतात तसा,
कुणी उठलंय असं न वाटता.

क्षेत्र म्हणजे शेत, असं संस्कृतच्या बाई सांगायच्या.
विद्युतक्षेत्र दिसत नाही, असं फिजिक्सचे सर.
दोघांना इथे आणून
या कठड्यावर बसवायला हवं होतं.

शुक्रवारी क्लिफर्ड सगडन येतो.
एकेचाळीस वर्षं रंगखात्यात, नखांच्या मुळाशी अजून नीळ.
म्हणतो, नदीवरून कळायचं
या आठवड्यात कुणाचे कोट शिवणार.
पोलिसांचा निळा. बसवाल्यांचा मरून.
"एकदा तर बदकंसुद्धा मरून!"
मी हसते.
आमच्या इचलकरंजीत बदकं नव्हती.
मासे होते. पोट वर करून.

जानेवारीत एका रात्री फ्यूज उडाला.
सकाळी शेवटच्या नळातून गुलाबी पाणी,
फार नाही, पान खाऊन कुणी चूळ भरावी इतकं.
मी झडप बंद करायला धावले.
क्लिफर्ड वाकला, मुरंब्याची रिकामी बरणी धरली नळाखाली,
झाकण लावून कोटात घातली.
"आता पुन्हा दिसायचं नाही," म्हणाला.
नियमानं ती परत घ्यायला हवी होती.
वहीत मी अर्धा लिटर कमी लिहिला.

एप्रिलमध्ये भाऊ फोनवर विचारतो,
पाणी स्वच्छ झालं, ठीक. मग रंग जातो कुठे?
एक बोरू उपटून कॅमेऱ्यासमोर धरते.
पांढरी मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी,
टोकाला जांभळी.

तो बराच वेळ बोलत नाही.
मागे त्याच्या गल्लीत माग चालू आहेत, खट खट.
मग म्हणतो,
धुऊन बघ.