पाच ग्रॅम

माझं काम मापांचं.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं शिसं शोधायचं,
शिक्का मारायचा, पावती फाडायची.
सुकी सुंगटं विकणाऱ्या बायका मला लांबूनच ओळखतात
आणि मापं पदराने पुसायला घेतात.

म्हणून दुर्वांकच्या डोक्यावर
कुणाचा हात ठेवायचा हे ठरवताना
मी वही घेऊनच निघालो.
चिमट्याने ओढून काढलेलं पोर, तीन महिन्यांचं,
संध्याकाळी सहाला सुरू होतं ते नऊपर्यंत.
बायको म्हणाली, क्रेनिओसेक्रल करून बघू,
तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी गुण आला होता.

हरमलला माडाखाली गादी घालून बसलेला एक
डोळे मिटूनच म्हणाला,
तुमच्या मुलाची लाट अडकली आहे.
तीन बैठकांत सोडवतो, पैसे आधी.
शिक्षण कुठं झालं?
तो समुद्राकडे बघून हसला.
मी समुद्राचा पत्ता वहीत लिहिला नाही.

पणजीत आल्तिन्योवर एसी, काच, सोनेरी चौकट.
चौकटीतली तारीख मी जवळ जाऊन वाचली:
शनिवार आणि रविवार.
तान्ही मुलं किती हाताळलीत?
"तत्त्व तेच असतं हो, मोठा काय, लहान काय."
म्हणजे किलोचं माप घेऊन
सोनाराकडे बसायचं.

शिवोलीची इर्मा कुलासो दारातच हात धूत होती.
नखं कापलेली, अंगठी नाही.
किती वर्षं शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली,
बाळांचं वेगळं शिकलात का,
मी एकेक विचारत गेलो,
ती कागद काढून देत गेली,
जिथं कागद नव्हता तिथं नाही म्हणाली.
हात किती जड ठेवता?
"पाच ग्रॅम."
मी पिशवीतून खिशातला काटा काढला.
बायकोने कपाळाला हात लावला.
इर्माने बोट टेकवलं.
काटा पाचवर आला, थोडा थरथरला, तिथंच राहिला.

"एवढंच मोजता येतं, बाब.
आत काय होतं ते मला कळतं
असं मी छातीठोक सांगणार नाही."

मग तिने पोराकडे नुसतं पाहिलं, बराच वेळ.
खुळखुळा उजवीकडे नेला, डावीकडे नेला.
"मान एकाच बाजूला वळते. डॉक्टरने कधी पाहिलंय?"
दीड महिन्यापूर्वी.
"तर आधी बांबोळीला जा. ते काय म्हणतात ते लिहून आणा.
त्यानंतर मी हात लावायचा की नाही, ते बघू."

पैसे घेतले नाहीत. पावती नाही.
माझ्या नोकरीत असं पान कोरं सुटत नाही.
मी त्यावर तिचं नाव लिहिलं
आणि शिक्का शोधत राहिलो, तो तर ऑफिसात.

बांबोळीची तारीख सोमवारची.
आज पावणेनऊ झालेत, रडणं उतरणीला लागलंय.
त्याच्या टाळूवर, जिथं अजून हाड मिळालेलं नाही,
मी तळवा धरलाय, टेकवलाय की नाही कळत नाही.
किती ग्रॅम असेल?
ह्या हाताची पडताळणी
आजवर कुणी केलेली नाही.