वहन आकार

कोराडीच्या काट्यावर मी एकतीस वर्षं काढली.
भरलं वाहन, रिकामं वाहन,
वजा करायचं, शिक्का मारायचा, पुढचं.
कोळसा येताना तोलला.
राख जाताना तोलली;
तीही विकली जाते, विटांना, सिमेंटला,
किलोकिलोचा हिशेब लागतो.
मधला फरक
कधी कोणी मागितला नाही.

यंदा मे महिन्यात भोजराज, माझा भाचा,
एका बाईंना घेऊन आला.
तो कर-अकादमीत गाडी चालवतो,
परदेशातले अधिकारी तिथे वसुली शिकायला येतात.
ह्या कुठल्याशा बेटावरच्या. नाव तेवाई.
देश केवढा, विचारलं.
म्हणे, नकाशावर नाव छापलं
की नावाखाली देश झाकला जातो.
हुद्दा उपसचिव, अर्थखातं.
खात्यात माणसं चार.

देवीचं दर्शन झालं.
बाहेर पाणपोई, रांजणाला ओलं पोतं.
त्या तीन गिलास सलग प्यायल्या
आणि पर्स उघडून विचारलं, किती?
"पाण्याचे?" भोजराज हसला.
"बाप्पा! पाण्याचे पैसे घेतेत काय कोणी!"
त्या हसल्या नाहीत.
त्यांच्या विहिरी खारल्या आहेत.
पाणी जहाजानं येतं,
बजेटात त्याला ओळ आहे, शाळांच्या वर.

मग सांगत गेल्या,
भोजराज मोडकंतोडकं मराठीत उतरवत गेला:
समुद्राला भिंत घातली, कर्ज काढून.
दोन वर्षांनी भिंत गेली.
कर्ज नाही गेलं.
त्याला ओहोटी नसते.

मान वर करून त्यांनी धुराडी मोजली,
न रागावता,
दुसऱ्याच्या घरची भांडी बघावीत तशी.
तुम्ही काट्यावर होता ना?
एक टन जाळला, तर धूर किती?
मी म्हटलं, राख वजा जाता उरेल तेवढा.
शंभरातले साठ-पासष्ट धरा.
नाही, म्हणाल्या. एकाचा दीड.
जळताना हवा येऊन मिळते, वजन वाढतं.

एकतीस वर्षं.
आणि धूर दगडापेक्षा जड असतो हे मला
मंदिराच्या पायरीवर, चपला शोधताना कळलं.

परतताना झिरो माईलला थांबलो.
खांबावरची गावं, त्यांचे मैल
त्या बोटानं वाचत होत्या.
समुद्र कुठे लिहिलाय?
नाही लिहिला.
आमच्यापासून तो कुठल्याही बाजूनं लांबच.

रात्री अकराला भिंती अजून तापलेल्या.
कूलरचा पंप घरघरत होता,
वेणू बीपीची गोळी घेऊन झोपलेली.
चष्मा लावून मी विजेचं बिल काढलं.
स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार.
इंधन समायोजन. थकबाकी निरंक.
वहन म्हणजे तारेतून घरापर्यंत आणण्याचे, तेवढं समजतं.
धुराड्यातून जे कुणाच्या तरी दारात जातं
त्याच्या वहनाचे कुठे लावलेत?
उलटून पाहिलं.
मागे तक्रारीचा नंबर होता, आणि वेळ: दहा ते पाच.

कूलर बंद करायला उठलो.
"काहून उठले? लाइट गेली काय?"
"नाही," म्हटलं, "हाये."
ती कुशीवर वळली.
बटनावर बोट ठेवून
मी तसाच उभा,
दीड, तीन, साडेचार.