वाळूखालचे साप

उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा रात्रभर वाळू उपसतो
आणि सकाळी केप फ्लॅट्सवरच्या आमच्या वस्तीत
पुरलेल्या तारा उघड्या पडतात.
इझिन्योका म्हणतात त्यांना इथे. म्हणजे साप.
रस्त्यापलीकडच्या पक्क्या घरांच्या खांबावरून
चोरून आणलेले,
अंगभर चिकटपट्टीच्या गाठी,
पत्र्यापत्र्याखालून सरपटत आलेले.

मुलं यायच्या आधी मी फावडं घेऊन निघते.
माझ्या पाळणाघरात अठरा मुलं.
सोळा जणांना चपला आहेत,
दोघांना कधी असतात, कधी नसतात.
नळापासून दारापर्यंत शहाऐंशी पावलं,
त्यात सात जागी तार.
वाट ओलांडते तिथे मी जुना टायर टाकते,
टायर नसला तर बादली उपडी.
पिवळा रंग संपला तेव्हा
लिपस्टिकनं फुली मारली होती. लग्नातली लिपस्टिक.

शिकवलंय सगळ्यांना:
हात पाठीमागे. डोळे पायांकडे.
ओली माती दिसली की थांबायचं, हाक मारायची.
कुणी तारेला चिकटलं तर त्याला धरायचं नाही,
आईला असलं तरी नाही.
(हे सांगताना माझाच आवाज चिरकतो.)
भिंतीतल्या तीन भोकांत काय घालायचं नाही, विचारलं
की सगळी एका दमात: बोट! पिन! चमचा!

खन्यीसो तेवढा उलट विचारतो,
मग आत राहतं कोण?
त्याच्या नावाचा अर्थच उजेड.
एकदा त्यानं चमच्याचा दांडा भोकाशी नेला
आणि कधी हात न उगारणारी मी
फाडकन मारलं त्याला.
सांगायला हवं होतं:
तुझाच सख्खा राहतो रे आत,
पण तो तुला ओळखत नाही.

सापाला दूध पाजू नये, म्हणतात.
माझ्याकडे उलटं. सापच दूध तापवून देतो.
माझी किटली, माझा फ्रिज,
झोपाळू मुलांच्या उशाचा दिवा,
सगळं सातव्या तारेवर.
ती मझ्वांदिलेनं ओढली. तीनशे रँड तेव्हा,
शंभर दर महिन्याला. मी मोजून देते.
माझा अर्ज चार वर्षांचा झाला, म्हणजे बालवाडीत जायच्या वयाचा.
साहेब म्हणतात, जमीन पाणथळ आहे,
इथे खांब उभे राहत नाहीत.
मुलं राहतात.

जुलैतला मंगळवार. थंडी, वर रात्रभर पाऊस.
पाचवा टायर डबक्यात बुडालेला
आणि डबक्यात तांबडा कुत्रा, आडवा,
पावसाकडेही लक्ष नसलेला.
खन्यीसोच्या पावातला अर्धा वाटा रोज त्याचा.
मी आत, दूध उतू जाईल म्हणून.
हाक आली. टीचर!
धावले तर तो डबक्यापासून चार पावलांवर,
मागच्या मुलांना आडवा उभा,
हात पाठीमागे,
इतके घट्ट की बोटं पांढरी पडलेली.
रडत होता. हलत नव्हता.

मझ्वांदिलेनं पलीकडून प्रवाह तोडला.
मग कुत्र्याला उचललं आम्ही, पोत्यात घेतलं,
ढिगाऱ्यामागे पुरलं. खोल. तारेपेक्षा खोल.
त्या दिवशी दूध थंडच दिलं.
कुणी कुरकुरलं नाही.
आत कोण राहतं, हेही कुणी विचारलं नाही,
आणि मला ते फार ऐकू आलं.

संध्याकाळी मझ्वांदिले दाराशी उभा, पक्कड हातात,
नजर माझ्या चुलीकडे.
जोडू का परत?
मी मग विसळत होते. सतरा पालथे घातले.
अठरावा हातातच राहिला.
खालून नको, म्हटलं. उंचावरून घे.
खांब मी आणते.